बर्फाच्या निसरडेपणाची मीमांसा : फॅरडेपासून आजपर्यंत

पायांना हाडांचे, आणि पुढे लोखंडी पात्यांचे, स्केट बांधून गोठलेल्या जलाशयांवरून घसरत जाण्याची रीत उत्तर युरोपात फार जुनी आहे. पाते बर्फावरून इतक्या सहजतेने का सरकते, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात जे उत्तर मिळाले, ते पुढे शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितले गेले. देहभारामुळे अरुंद पात्याखाली मोठा दाब निर्माण होतो, दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो आणि वितळलेल्या पाण्याच्या थरावरून पाते सरकते, असे ते उत्तर आहे. त्याच्या मुळाशी असलेला नियम निःसंशय खरा आहे. तरीही निष्कर्ष टिकत नाही. हे कसे घडले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ स्केटपासून होत नाही. १८५० च्या जूनमध्ये मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात एका साध्या अनुभवाकडे लक्ष वेधले. वितळू लागलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांस टेकविले असता ते गोठून एकजीव होतात. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक सूक्ष्म थर असतो आणि दोन्ही बाजूंनी बर्फ आला की तो गोठतो, अशी त्याची उपपत्ती होती.

त्याच सुमारास दुसरा विचारप्रवाह उदयास आला. जेम्स टॉमसन याने १८४९ मध्ये कार्नोच्या सिद्धांतावरून असे दाखविले, की दाब वाढला असता बर्फाचा द्रवणांक उतरला पाहिजे. त्याचा धाकटा बंधू विल्यम, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेला शास्त्रज्ञ, याने १८५० मध्ये प्रयोगाने हे सिद्ध केले. बर्फाचे तुकडे जुळतात तेही दाबामुळेच, असा जेम्सचा आग्रह होता. दाब शक्य तितका कमी ठेवूनही तुकडे जुळतात, हे फॅरडेने प्रयोगांनी दाखविले. परंतु त्याच्या थराचे मापन करण्याचे साधन त्या काळी नव्हते. टॉमसनच्या संबंधातून मात्र निश्चित आकडे निघत होते. साहजिकच विद्वानांचा कल टॉमसनकडे झुकला.

डब्लिनच्या जॉन जोली याने १८८६ मध्ये हाच संबंध स्केटला लावला. पात्याची कड बर्फाला अत्यल्प क्षेत्रावर स्पर्श करते असे धरून त्याने ४६६ वातावरणांचा दाब काढला. त्यावरून द्रवणांक उणे ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, असे त्याचे गणित होते.

आता आपणही थोडे गणित करून पाहू. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एका पायावर सरकत आहे आणि ३ मिलिमीटर रुंदीचे, ३० सेंटिमीटर लांबीचे पाते पूर्णपणे बर्फावर टेकले आहे, असे समजू. टेकलेले क्षेत्र ९ चौरस सेंटिमीटर आणि दाब सुमारे साडेसहा वातावरणे येतो. एका वातावरणाच्या दाबाने द्रवणांक सुमारे ०.००७ अंशाने उतरतो. म्हणजे येथे एकूण घट अंशाच्या विसाव्या भागाइतकीच झाली. जोलीचा आकडा स्वीकारला तरी उणे ३.५ अंशांच्या खाली स्केटिंग थांबावयास हवे. प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळ थंड बर्फावर उत्तम चालते. शिवाय सपाट तळव्याच्या बुटाखाली दाब नगण्य असूनही मनुष्य घसरून पडतोच.

१९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या केंब्रिजच्या संशोधकांनी दुसरे कारण पुढे मांडले. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोख येथील संशोधन केंद्रात, ३००० मीटरहून अधिक उंचीवर, त्यांनी बर्फावरील घर्षण मोजले. ज्या पदार्थांतून उष्णता सहज वाहून जाते, त्यांचे घर्षण अधिक भरले. यावरून बर्फ वितळतो तो मुख्यत्वे घर्षणजन्य उष्णतेने, असा निर्णय त्यांनी दिला. वेगाने जाणाऱ्या पात्यास हा निर्णय चांगला लागू पडतो. पण बर्फावर निश्चल उभ्या असलेल्या मनुष्याचा पाय पहिल्याच हालचालीस निसटतो, याचा उलगडा त्याने होत नाही.

या ठिकाणी अभ्यासकांना फॅरडेकडे परतावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्ष-किरण विवर्तन, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन इत्यादी साधनांनी असे दिसून आले, की गोठणबिंदूखालीही बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतील रेणूंपेक्षा अधिक मोकळे असतात. २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅम व माइन्झ येथील संशोधकांनी शून्यापासून उणे १०० अंशांपर्यंत घर्षण मोजले. ते उणे ७ अंशांच्या आसपास सर्वांत कमी आढळले, तर उणे १०० अंशांपाशी बर्फाचा निसरडेपणा उरला नव्हता. २०१९ मध्ये फ्रान्समधील मापनांतून असे निष्पन्न झाले, की सरकत्या वस्तूखालील थर फार तर एक मायक्रॉन जाडीचा असून साध्या पाण्याहून पुष्कळ दाट, तेलासारखा असतो. थराच्या उत्पत्तीविषयीची चर्चा अद्याप मिटलेली नाही.

टॉमसनचा नियम आजही अबाधित आहे. दोष घडला तो त्याच्या उपयोजनात. एखादा नियम सत्य आहे, एवढ्यावरून समोरच्या घटनेचे कारण तोच आहे असे ठरत नाही; त्याचा परिणाम त्या घटनेस पुरेल इतका आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते. वर केलेले गणित शालेय विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. तरीही पिढ्यानपिढ्या ते उत्तर पाठ होत राहिले, ही गोष्ट अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.