भारवाहक ते गुरू : दार्जिलिंगच्या एका शाळेचा इतिहास

१/ ७ जून १९२२. एव्हरेस्टच्या उत्तरेकडील उतारावर हिमप्रपात कोसळला आणि सात भारवाहक मृत्युमुखी पडले. दोराच्या पुढच्या टोकाला असलेले ब्रिटिश गिर्यारोहक वाचले. हिमालयातील मोहिमांचा आरंभीचा इतिहास अशा मृत्यूंनी भरलेला आहे. १९३७ मध्ये नंगा पर्वतावर एकाच रात्री सोळा जण गाडले गेले. त्यांपैकी नऊ शेर्पा होते.

२/ या माणसांपाशी पर्वताचे ज्ञान नव्हते काय? होते, आणि ते विपुल होते. परंतु त्या ज्ञानाला कोणी ज्ञान मानत नसे. मोहिमेच्या हिशेबात शेर्पा म्हणजे पाठीवरचे ओझे आणि दिवसाची मजुरी. जे शिकायचे ते एकेका मोहिमेत, जीव मुठीत धरून.

३/ आल्प्समध्ये चित्र वेगळे होते. फ्रान्समधील शामोनी येथे पर्वतीय मार्गदर्शकांची संघटना १८२१ मध्येच उभी राहिली. तेथील मार्गदर्शक हा पुढे चालणारा, निर्णय घेणारा आणि शिकवणारा माणूस होता. हिमालयात मात्र एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमांनंतर तीन दशके उलटली, तरी गिर्यारोहण शिकवणारी कायमस्वरूपी संस्था भारतात नव्हती.

४/ २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. तेनझिंग यांची ती एव्हरेस्टवरील सातवी मोहीम. १९३५ मध्ये भारवाहक म्हणून आरंभ केलेला हा माणूस अठरा वर्षांत जे शिकला होता, ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. मग हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जायचे कसे?

५/ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट. पंतप्रधान नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बिधनचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगमध्ये ही संस्था स्थापन झाली. प्राचार्य झाले लष्करातील अभियंता अधिकारी मेजर नरेंद्र धर जयाल. क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक झाले तेनझिंग.

६/ मात्र शिकवण्यापूर्वी तेनझिंग पुन्हा विद्यार्थी झाले. १९५४ मध्ये ते आणि काही निवडक शेर्पा स्वित्झर्लंडमधील रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाथार्ड यांच्या गिर्यारोहण शाळेत गेले. एव्हरेस्ट सर केलेल्या माणसाला तेथे काय शिकायचे होते? चढणे नव्हे, तर चढणे शिकवणे : अंगवळणी पडलेली कृती सुटी करायची, तिला क्रम द्यायचा आणि नवख्याच्या हाती सोपवायची.

७/ त्या चमूत तेनझिंग यांचा तरुण भाचा नवांग गोम्बू होता. हे नाव लक्षात ठेवावे.

८/ अभ्यासक्रमाची रचना दोन टप्प्यांची होती. आधी दार्जिलिंगच्या खडकांवर दोर, गाठी आणि पावलांचा तोल. मग पश्चिम सिक्कीममध्ये चौरीखांग परिसरात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, प्रत्यक्ष हिमनदीचा सराव. बुटांना क्रॅम्पॉन बांधून चालणे, घसरल्यास बर्फकुऱ्हाड रोवून स्वतःला थांबवणे, हिमनदीतल्या खोल भेगेत पडलेल्या सोबत्याला दोराने वर काढणे.

९/ मात्र सर्वांत अवघड धडा हातांचा नसून धीराचा असतो. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण स्वतःच्या गतीने. म्हणून दिवसा वर चढायचे, रात्री खाली येऊन झोपायचे, मग पुढचा तळ. विशेष म्हणजे हे अनुकूलन टिकत नाही. खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ते ओसरते. दर मोहिमेत पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

१०/ हा नियम हुद्दा किंवा पूर्वीचे यश पाहत नाही. याची जबर किंमत संस्थेने लवकरच मोजली. १९५५ मध्ये ७,७५६ मीटर उंचीचे कामेत सर करणारे प्राचार्य जयाल १९५८ मध्ये चो ओयूच्या मोहिमेत सामील झाले. नेतृत्व मुंबईचे केकी बनशा यांचे होते. मागाहून निघालेले जयाल तुकडीला गाठण्यासाठी भराभर वर गेले आणि एप्रिलअखेर पर्वतावरच मरण पावले. कारण फुप्फुसांत साचलेले पाणी.

११/ उंचीमुळे होणाऱ्या या विकाराचे वर्णन अमेरिकी डॉक्टर व गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे आज प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाणारी लक्षणे जयाल यांच्या मृत्यूच्या वेळी वैद्यकातही पुरती रुळलेली नव्हती.

१२/ जयाल यांच्यानंतर प्राचार्य झालेल्या ब्रिगेडियर ग्यान सिंग यांनी १९६० मध्ये भारताची पहिली एव्हरेस्ट मोहीम नेली. मे महिन्यात सोनम ग्यात्सो, नरेंद्र कुमार आणि नवांग गोम्बू शिखरापासून अवघ्या दोनेकशे मीटरवर पोहोचले. वादळी वारा सुटला होता. तिघे मागे फिरले आणि जिवंत परतले.

१३/ वर्तमानपत्रांच्या भाषेत हे अपयश. शाळेच्या भाषेत मात्र हीच उत्तीर्ण होण्याची खूण. कारण पुढे काय घडले? १ मे १९६३ रोजी गोम्बू अमेरिकी मोहिमेतून एव्हरेस्टवर पोहोचले. २० मे १९६५ रोजी कॅप्टन मोहन सिंग कोहली यांच्या भारतीय मोहिमेतून पुन्हा. एव्हरेस्ट दोनदा सर करणारे ते जगातील पहिले मानव. त्या भारतीय मोहिमेत नऊ जण शिखरावर पोहोचले.

१४/ त्याच वर्षी, १९६५ मध्ये, उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग ही दुसरी मोठी संस्था सुरू झाली. १९८४ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल तेथेच घडल्या.

१५/ दार्जिलिंगच्या शाळेचे यश शिखरांच्या यादीत मोजले जाते. पण तिने घडवलेला बदल अधिक खोल आहे. ज्यांच्या पाठीवर इतरांचे सामान होते, त्यांच्यासमोर लष्करी अधिकारी आणि महाविद्यालयीन तरुण विद्यार्थी म्हणून रांगेत उभे राहिले. गाठ कशी बांधायची आणि कोणत्या क्षणी मागे फिरायचे, हे सांगण्याचा अधिकार शेर्पांकडे आला.

१६/ ९ मे १९८६ रोजी तेनझिंग यांचे निधन झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच संस्थेच्या आवारात, जेथे त्यांनी दोन दशके नवख्यांना बर्फावर पाऊल टाकायला शिकवले होते. १९२२ च्या त्या सात जणांना असा गुरू लाभला नव्हता.