नेमबाजी : शिपायाची विद्या, खेळाडूचा खेळ

श्रोतेहो, महाड-पोलादपूरच्या मुलखात बंदूक कुणाला नवी नाही. महाड तालुक्यातले एक आंबवडे तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखले जाते, इतकी तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने जिंकले, आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा मुलखात एखादे आजोबा म्हणाले, “नेमबाजी हा काय खेळ झाला?” तर नवल नाही.

पण ही विद्या सर्वांना खुली नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. गावात उरली ती रानडुकरांपासून शेत राखायची परवान्याची ठासणीची बंदूक. नेम शिकायचा तर पलटणीतच. आणि त्या पलटणीचे दारही पुढे सरकारने महारांना बंद केले. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज लिहिला. गंमत पाहा, त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९६ साली, अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले आणि त्यात नेमबाजीचे सामनेही झाले. तिकडे खेळ सुरू झाला, इकडे बंदुकीला हात लावायचाच अधिकार मागावा लागत होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचे घराणे मूळचे आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

आता या खेळात असते काय? इथे समोर शत्रू नाही, सावज नाही. असतो तो वर्तुळे आखलेला कागद किंवा विजेवर चालणारे लक्ष्य. हवेच्या बंदुकीचा सामना दहा मीटरांवरून होतो. रायफलच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक! पन्नास मीटरांच्या एका सामन्यात गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही तऱ्हांनी नेम साधावा लागतो. यात दांडगाईचे काम नाही. श्वास हळूच सोडायचा, अंग स्थिर झाले की चाप हलकेच दाबायचा. चाप हिसकला की नेम चुकलाच म्हणून समजा.

म्हणूनच हा खेळ मुलींनाही तितकाच साधतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि पुढे आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला, ‘लक्ष्य’ ही नेमबाजीची संस्था काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या तिन्ही तऱ्हांच्या सामन्यात कांस्यपदक मिळवले. कांबळवाडी हेही आपल्या गावांसारखेच एक खेडे.

शिक्षक बंधुभगिनींनो, बंदूक महाग, काडतुसे महाग, ही अडचण खरी आहे. पण सुरुवातीला बंदूक लागतच नाही. नीट उभे राहणे, श्वास आवरणे, एका ठिकाणी मन लावणे हे शाळेच्या अंगणातही शिकवता येते. गावातल्या निवृत्त जवानाला बोलवा. शिस्त त्याच्याइतकी कोण सांगणार? पहिला धडा मात्र हाच द्यायला सांगा : बंदूक रिकामी असो की भरलेली, तिची नळी माणसाकडे कधी रोखायची नाही. हा धडा ज्याच्या अंगवळणी पडला, त्यालाच पुढे नेम धरायला शिकवावे.