जनुकीय परिवर्तित अन्न व वाशिम जिल्हा

जनुकीय परिवर्तित अन्न : एका सजीवातील जनुक प्रयोगशाळेत वेगळा करून दुसऱ्या सजीवाच्या आनुवंशिक द्रव्यात बसविल्याने तयार झालेल्या पिकापासून मिळणारे खाद्यपदार्थ. नेहमीच्या संकरात एकाच किंवा जवळच्या जातींचे मीलन घडविले जाते. येथे मात्र सूक्ष्मजंतूचा जनुकही वनस्पतीत घालता येतो. त्यामुळे असे पीक पेरावे की नाही, त्याचे अन्न विकावे की नाही आणि ते खाणाऱ्यास त्याची माहिती द्यावी की नाही, हे प्रश्न विज्ञानापुरते मर्यादित न राहता कायद्याचे व राजकारणाचे झाले. विदर्भातील वाशिम जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सोयाबीन आणि कापूस या तेथील दोन प्रमुख नगदी पिकांवरून भारतातील नियमनाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात. कापसाचे जनुकीय परिवर्तित वाण तेथे कायद्याने पेरले जाते. सोयाबीनच्या तशा वाणाची लागवड करण्यास भारतात परवानगी नाही. परंतु परदेशात पिकलेल्या तशाच सोयाबीनचे तेल देशात येते व खाल्ले जाते.

पूर्वपीठिका : प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. इंग्रजी अंमलात वऱ्हाडात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा भाग अकोल्याला जोडण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. काळ्या जमिनीचा, बहुतांशी कोरडवाहू शेतीचा हा प्रदेश आहे. कारंजा ही कापसाच्या व्यापाराची जुनी पेठ असून विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग तिच्यावरून नेण्यात आला, तो प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठीच.

या भागातील बियाण्याच्या शुद्धतेत सरकारने लक्ष घालणे नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला भारतीय कापसाची गरज भासू लागली. त्या वेळी वऱ्हाडातील ‘बनी’ या चांगल्या धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा ‘जरी’ मिसळला जात असल्याची तक्रार होती. कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये झाला. पुढे १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा व १९२५ मध्ये सरकी काढण्याच्या व गासड्या बांधण्याच्या कारखान्यांविषयीचा कायदा करण्यात आला. या सर्व नियमनाचा रोख धाग्यावर व गिरणीच्या गरजेवर होता. सरकी हे त्यात उपउत्पादन मानले गेले. कापसाकडे केवळ धाग्याचे पीक म्हणून पाहण्याची ही सवय पुढेही टिकली आणि जनुकीय परिवर्तनाच्या काळात तिचे परिणाम दूरगामी ठरले.

नियमनाची चौकट : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी केंद्र शासनाने जनुकीय परिवर्तित सजीवांविषयीचे नियम काढले. भारतात तशा पिकाचे बी शेतात पडण्यापूर्वीच हे नियम तयार होते, ही लक्षणीय गोष्ट होय. त्यांनुसार संशोधनसंस्थेतील जैवसुरक्षा समितीपासून केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीपर्यंत (जी. ई. ए. सी.) श्रेणी ठरविण्यात आली. २०१० मध्ये या केंद्रीय समितीच्या नावातील ‘मान्यता’ या शब्दाऐवजी ‘मूल्यांकन’ हा शब्द आला. अखेरचा निर्णय शासनाचा, समितीचा नव्हे, असा त्याचा अर्थ होता. राज्यस्तरावर एक समन्वय समिती व जिल्हास्तरावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असावी, अशीही तरतूद १९८९ च्या नियमांत आहे. कृषी, आरोग्य व कारखाने निरीक्षण या खात्यांचे अधिकारी तिचे सदस्य असतात. गावपातळीवर घडणाऱ्या गोष्टी जवळून पाहू शकेल अशी ही एकमेव समिती होय. तथापि व्यवहारात निर्णयाचे केंद्र दिल्लीच राहिले. २०११ पासून शेतातील चाचण्यांसाठी संबंधित राज्य शासनाची ना-हरकतही आवश्यक ठरली.

बीटी कापूस : बॅसिलस थुरिंजिएन्सिस (संक्षेपाने बीटी) हा जमिनीत आढळणारा सूक्ष्मजंतू आहे. त्यातील एका जनुकामुळे तयार होणारे प्रथिन विशिष्ट अळ्यांच्या आतड्यांस बाधक ठरते. हा जनुक कपाशीत घातल्याने बोंडअळी झाडावरच मरते. जालना येथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिको या बियाणे कंपनीने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या भागीदारीत हे तंत्र भारतात आणले. २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने तीन संकरित वाणांना सशर्त परवानगी दिली. तत्पूर्वीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस उभा असल्याचे आढळून आले होते. म्हणजे कायदा आधी आला होता, तरी बियाणे परवानगीच्या आधी पोहोचले.

शेतकऱ्यांच्या चळवळीत या प्रश्नावर एकमत नव्हते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास असावे, अशी भूमिका घेतली. कर्नाटकातील रयत संघाने मात्र १९९८ मध्ये चाचणीची शेतेच पेटवून दिली होती. विदर्भातील काही संघटनांनी महाग बियाणे व कोरडवाहू शेतीतील जोखीम यांचा संबंध शेतकरी आत्महत्यांशी जोडला. अभ्यासकांत या संबंधाविषयी मतभेद आहेत. कर्जबाजारीपणा, पावसाची अनिश्चितता व भाव ही कारणे बीटीच्या आगमनापूर्वीचीच होती.

दोन जनुकांचे सुधारित वाण २००६ मध्ये आले आणि काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. बियाण्याच्या किंमतीवर राज्यांनी व नंतर डिसेंबर २०१५ च्या आदेशाने केंद्राने नियंत्रण आणले. तंत्रज्ञानाचे स्वामित्वशुल्क उतरत जाऊन २०२० मध्ये शून्यावर आले. प्रारंभी फवारणी घटली. पण बीटीच्या सभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याची अट छोट्या शेतांत फारशी पाळली गेली नाही. गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने मोठी हानी केली. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

सरकीचा प्रश्न : वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, उरलेला बहुतेक भाग सरकीचा. सरकीचे तेल शुद्ध करून खाण्यात व वनस्पती तुपात वापरतात आणि ढेप दुभत्या जनावरांना घालतात. यामुळे ‘अखाद्य पीक’ म्हणून मान्य झालेला बीटी कापूस तेलाच्या रूपाने स्वयंपाकघरात पोहोचला. मान्यतेपूर्वी जनावरांवर खाद्यचाचण्या घेण्यात आल्या होत्या, हे खरे. शिवाय शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने व आनुवंशिक द्रव्य जवळजवळ उरत नाहीत. त्यामुळे अपायाची भीती बाळगण्याचे कारण कमी, असे तज्ज्ञ सांगतात. तथापि अन्न म्हणून स्वतंत्र विचार करणारी यंत्रणा तेव्हा अस्तित्वात नव्हती. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा, म्हणजे बीटी कापसानंतर चार वर्षांनी आलेला. त्याच्या कलम २२ अन्वये असे अन्न नियमांखेरीज विकण्यास मनाई आहे. १ जानेवारी २०१३ पासून वेष्टनबंद जनुकीय परिवर्तित अन्नावर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे बंधनकारक झाले. एक टक्क्यावरील अंश असल्यास तसे नमूद करावे, अशा स्वरूपाच्या विनियमांचे मसुदे २०२१ व २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ज्या तेलात परिवर्तनाचा माग प्रयोगशाळेतही सहज लागत नाही, त्याच्या वेष्टनावरील अक्षरांची सत्यता पडताळणे कठीण असते.

बीटी वांगे : थेट खाण्याच्या पिकाबाबत मात्र वेगळे घडले. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी वांग्यास केंद्रीय समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता दिली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. नागपूर हे त्यांपैकी एक होते. शास्त्रज्ञांत एकमत नसणे, राज्यांचा विरोध व स्वतंत्र चाचण्यांचा अभाव ही कारणे देऊन ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वाणास स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वाण स्वीकारले. बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने यवतमाळ जिल्ह्यातील गावांना भेट देऊन ऑगस्ट २०१२ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात अन्नपिकांच्या चाचण्यांविषयी कठोर मत व्यक्त केले होते. स्वतंत्र प्राधिकरण स्थापणारे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आले व २०१४ मध्ये व्यपगत झाले. दिल्लीत विकसित झालेल्या संकरित मोहरीस ऑक्टोबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तथापि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. राष्ट्रीय धोरण ठरविले जावे, याविषयी मात्र त्यांचे एकमत होते.

सोयाबीन : विसाव्या शतकाच्या अखेरीस विदर्भात ज्वारी व कापूस यांची जागा सोयाबीनने मोठ्या प्रमाणात घेतली. वाशिम जिल्ह्यात आज खरिपाच्या पेऱ्याचा बहुतांश भाग या पिकाखाली असून त्यात तुरीचे आंतरपीक घेतात. जबलपूरचे ‘जेएस ३३५’ व नंतरचे सुधारित वाण पारंपरिक पैदाशीतून आलेले आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून शेतकऱ्यांस या पिकाचे मार्गदर्शन मिळते. जगातील स्थिती वेगळी आहे. अमेरिका, अर्जेंटिना व ब्राझील येथील सोयाबीन जवळजवळ सर्व जनुकीय परिवर्तित असून तणनाशक सोसणारे आहे. भारताने अशा सोयाबीनच्या शुद्ध तेलाच्या आयातीस २००७ मध्ये मान्यता दिली.

पेंडीचा प्रश्न २०२१ मध्ये ऐरणीवर आला. त्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेला, तर त्या हंगामाची किमान आधारभूत किंमत ३,९५० रुपये होती. कुक्कुटपालन व्यवसायाला खाद्य महाग पडू लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. पेंडीत सजीव बी नसल्याने पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही, असा निर्वाळा पर्यावरण मंत्रालयाने दिला. नियमाच्या अक्षरास धरून तो योग्यच होता. कारण १९८९ च्या नियमांचा मुख्य विषय सजीव व त्याचा प्रसार हा आहे. नवे पीक बाजारात येताच भाव जवळपास निम्म्यावर उतरले. आवक वाढणे हेही त्याचे कारण होते. परंतु कारंजा-वाशिमच्या बाजार समित्यांत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी या घसरणीचा संबंध आयातीशी जोडला. जे बियाणे पेरण्यास त्यांना मनाई होती, त्याच बियाण्याच्या उत्पादनाशी त्यांना स्पर्धा करावी लागत होती.

विनापरवाना बियाणे : निंदणीची मजुरी वाढल्याने तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला (एचटीबीटी) मागणी आली. तिच्या मान्यतेचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला, तरी बियाणे चोरट्या मार्गाने पसरले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून कायदेभंग केला. ब्राझीलमध्येही अर्जेंटिनातून चोरून आलेले सोयाबीन आधी पसरले आणि २००३ ते २००५ या काळात त्यास कायद्याची मान्यता मिळाली, हे येथे स्मरणीय आहे. चोरट्या बियाण्याला पावती नसते. ते उगवले नाही, तर शेतकऱ्यास दाद मागता येत नाही. या गुन्ह्यासाठी पर्यावरण कायद्यात असलेली कारावासाची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने काढून तेथे आर्थिक दंड ठेवण्यात आला.

समालोचन : भारतीय नियमनाने खाद्य व अखाद्य पीक यांमध्ये सीमारेषा आखली. वांगे व मोहरी यांच्याबाबत ती कसोशीने सांभाळली गेली. सरकी, आयात तेल व पेंड यांनी मात्र ती सहज ओलांडली. अशा अन्नामुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. बाजारातील मान्यताप्राप्त जनुकीय परिवर्तित अन्नापासून धोका संभवत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. म्हणून वाशिमच्या अनुभवातून पुढे येणारा प्रश्न मुख्यतः विषारीपणाचा नसून समान न्यायाचा आहे. परदेशी शेतातील जे अन्न ग्राहकाच्या ताटात येऊ शकते, त्याविषयीचा नियम देशी शेतकऱ्यासही तोच असावा. आणि मनाई योग्य असेल, तर ती बंदरावरही तितकीच लागू असावी. मार्च २०२२ पासून परका जनुक न घालता केलेल्या जनुकसंपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट मिळाली असून मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. त्यामुळे यापुढे हा निर्णय कापसासारख्या आडवाटेने नव्हे, तर थेट अन्नधान्याविषयी घ्यावा लागणार आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील ज्या समितीची तरतूद १९८९ पासून आहे, तिला प्रत्यक्ष काम मिळाल्यास पेरणारा व खाणारा या दोघांचेही म्हणणे निर्णयापूर्वी ऐकले जाण्याची शक्यता निर्माण होते.