टोचलेल्या कागदाची वंशावळ

श्रोतेहो, भीमेच्या कांठीं वसलेलें खेड हें हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचें जन्मगांव. त्यांच्याच नांवानें तें आज राजगुरुनगर म्हणून ओळखिलें जातें. अशा गांवांतील एखादी गृहिणी आज संगणकावरून नक्षीची फाईल पेनड्राइव्हवर उतरविते, तो भरतकामाच्या यंत्राला जोडते, आणि थोड्याच वेळांत लग्नाच्या ब्लाउजावर मोर उमटूं लागतो. हा मोर त्या बोटभर वस्तूंत शिरला कसा, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यांतच आजच्या एका चिंतेचें मूळही आहे.

आपल्या आज्यांच्या काळीं नक्षी कापडावर उतरविण्याचें साधन म्हणजे टोचलेला कागद. पातळ कागदावर वेलबुट्टी काढावयाची, तिच्या रेषेवर सुईनें बारीक छिद्रें पाडावयाचीं, कागद कापडावर पसरावयाचा आणि रॉकेलांत कालविलेल्या निळीचा बोळा वरून फिरवावयाचा. कागद उचलला कीं खालीं ठिपक्यांची नक्षी तयार! एकच कागद शेजारपाजारच्या कित्येक घरीं फिरून येई. परंतु टांका कोणता घालावा आणि रंग कोणता भरावा, हें तो सांगत नसे. तें जिच्या हातीं सुई असे तिनेंच ठरवावयाचें.

छिद्रांस आज्ञा करावयास शिकविलें तें युरोपांत. फ्रान्समधील जाकार यानें १८०४ सालीं छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ लावून मागावरील ताण्याचे धागे उचलण्याची युक्ति सिद्ध केली. १८२८ सालीं म्यूलूझ येथील हाइलमान यानें भरतकामाचें यंत्र बनविलें. त्यांत मात्र कारागीर मोठ्या आकाराच्या चित्रावर एका दांड्याचें टोंक टांक्याटांक्यानें फिरवीत असे. १८६३ सालीं स्वित्झर्लंडमधील ईझाक ग्रोब्ली यानें धोट्याचें भरतयंत्र काढिलें, व १८९८ सालीं त्याच्या पुत्रानें त्यास छिद्रांचा कागद जोडून दांडा फिरविणाऱ्या कारागिराचीही गरज उरूं दिली नाहीं.

विसाव्या शतकांत ही जागा कागदी फितीनें घेतली. जपानच्या ताजिमा कंपनीच्या यंत्रांची 'डीएसटी' फाईल ही त्या फितीचीच प्रतिमा होय. प्रत्येक टांक्यास छिद्रांच्या तीन ओळी. अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजावयाचें, आणि तें सांगावयास अवघीं पांच वजनें: १, ३, ९, २७ व ८१. वाण्यानें वजन कधीं या पारड्यांत, कधीं त्या पारड्यांत टाकावें, तशीं हीं मिळवून किंवा वजा करून हवें तें अंतर साधतें. पांचांची बेरीज १२१; म्हणून उभ्या वा आडव्या दिशेनें एका वेळीं १२.१ मिलिमीटरच सरकतां येतें. फीत गेली, परंतु तिची मर्यादा राहिली.

शेजारच्या चाकणच्या कारखान्यांत धातु कांतणारीं संगणकचलित यंत्रेंही याच गोत्राचीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेनें १९५२ सालीं लोकांस दाखविलेलें तसलें आरंभींचें यंत्र छिद्रांच्या फितीवरच चाले. पतीनें चाकणला लोखंड कांतावें व पत्नीनें घरीं मोर भरावा, तरी दोघांच्या यंत्रांचें कूळ एकच.

१९९० सालीं जानोमे कंपनीच्या 'मेमरी क्राफ्ट ८०००' यंत्रानें ही कारखान्यांतील विद्या घरांत आणिली. आरंभीं मेमरी कार्ड, पुढें केबल, आणि आतां पेनड्राइव्ह. प्रत्येक कंपनीची भाषा मात्र निराळी: जानोमेची 'जेईएफ', तर ब्रदरची 'पीईएस'. म्हणून फाईल उतरवितांना यंत्राची भाषा आणि रिंगचें माप हीं दोन्ही आधीं पाहावीं लागतात. रिंगपेक्षां मोठी नक्षी यंत्र भरीत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही फाईल म्हणजे चित्र नव्हे, ती टांक्यांची यादी आहे. नुसती ताणून मोठी केली तर टांके वाढत नाहींत, विरळ होतात. डीएसटी फाइलींत तर रंगही नसतो. 'येथें धागा बदला' एवढीच खूण असते. रंगाची निवड अजून गृहिणीकडे आहे. टांक्याची निवड मात्र दूर कोठें तरी बसलेल्या अनोळखी माणसानें आधींच केलेली असते. तोच मोर खेडांत, तोच सुरतेंत. आणि इकडे घरोघरचे टोचलेले कागद जुन्या पेट्यांच्या तळाशीं जीर्ण होत आहेत, कांहीं रद्दींतही जात आहेत.

यंत्राचा यांत दोष नाहीं. तें आजीची वेलबुट्टीही तितक्याच निष्ठेनें भरील. ती त्यास कोणी दिली पाहिजे. तेव्हां श्रोतेहो, असा कागद घरीं असल्यास तो टाकूं नये. त्याचें स्वच्छ छायाचित्र घ्यावें, संगणकावर त्याचे टांके आपल्या हातानें बसवावे, आणि घरांतील वडील स्त्रियांस विचारून टांक्यांचीं व रंगांचीं नांवें एका वहींत उतरून ठेवावीं. तेवढें मात्र विचारण्यास उशीर करूं नये; कारण तीं नांवें कागदावर कधींच नव्हतीं.