बाळाचे ठोके आणि आईची साखर : एक लांबचा प्रवास

"डॉक्टर, साखर वाढली म्हणून पोटाला पट्टे बांधून ठोके कशाला तपासायचे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१८१८ मध्ये जिनिव्हाच्या मेयर या सर्जनने गर्भवतीच्या पोटाला कान लावून बाळाचे ठोके ऐकले. तीन वर्षांनी पॅरिसच्या केर्गाराडेक यांनी नव्यानेच निघालेला स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. त्यांना गर्भजलाची खळखळ ऐकायची होती. ऐकू आले ते आईच्या नाडीहून कितीतरी जलद ठोके! बाळ जिवंत आहे, हे बाहेरून कळू लागले. १८९५ मध्ये पिनार यांचे कर्ण्यासारखे नळकांडे आले. ते आजही काही ठिकाणी वापरतात.

मधुमेही आईसाठी मात्र एवढे पुरेसे नव्हते. १९२२ मध्ये इन्सुलिन मिळू लागले, आया वाचू लागल्या. पण शेवटच्या आठवड्यांत अचानक बाळ पोटातच दगावण्याचे प्रकार थांबेनात. बोस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट अशा बाळांची प्रसूती तारखेच्या काही आठवडे आधीच करत. त्यातही पेच होता: लवकर काढावे तर फुप्फुसे कच्ची, थांबावे तर बाळ गमावण्याची भीती.

असे का होते, याचा उलगडा १९५० च्या दशकात कोपनहेगनच्या पेडरसन यांनी मांडला. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळच जास्त इन्सुलिन तयार करते, वजनाने वाढते आणि त्याला प्राणवायूही जास्त लागतो. तो कमी पडला की धोका.

१९५८ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड हॉन यांनी ठोक्यांची सलग विद्युत नोंद घेऊन दाखवली. पुढे जर्मनीतील हामाखर आणि उरुग्वेतील काल्देरो-बार्सिया यांनीही या कामात भर घातली. १९७० च्या दशकात एनएसटी रुळली. बाळ हलले की ठोके वाढतात. ३२ आठवड्यांनंतर वीस मिनिटांत असे दोनदा, किमान १५ ठोक्यांनी आणि १५ सेकंद वाढले, तर बाळ सध्या ठीक आहे असे समजतो. आता घाईने प्रसूती करण्याऐवजी बाळाला पोटात वाढू देत थांबता येऊ लागले. म्हणूनच हे पट्टे!

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एनएसटी आजचे सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. आणि बाळ झोपलेले असले तरी आलेख सपाट दिसू शकतो, म्हणून एका कागदावरून घाबरू नका. आहारावर साखर आटोक्यात असेल तर ही तपासणी वारंवार लागतेच असे नाही. इन्सुलिन चालू असेल तर साधारण ३२ व्या आठवड्यापासून लागते.

यंत्रे कितीही आली तरी बाळाची हालचाल सर्वांत आधी कळते ती आईलाच. ती कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात या.