शिधा, पंगत आणि वावडे

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसविलेल्या नागपुरास पहिल्या रघूजी भोसल्यांनी आपली राजधानी केले, आणि मराठे शिलेदार, दप्तरातले ब्राह्मण कारकून, गोसावी सावकार, कोष्टी विणकर असे नाना जातींचे व नाना मुलखांचे लोक तेथील गोंडांच्या शेजारी येऊन वसले, तेव्हा या सर्वांना एका मांडवाखाली जेवू घालणे हे यजमानाच्या बुद्धीची परीक्षा पाहणारे कर्म होऊन बसले. पाहुण्याला काय चालते व काय चालत नाही याची चौकशी केल्यावाचून चूल पेटविण्याची सोय त्या काळी नव्हती.

या अडचणीवर मराठी मुलखातला एक जुना तोडगा म्हणजे शिधा. ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसे त्याच्यापुढे यजमान तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, मीठ असे जिन्नस मांडी, सरपणाची तजवीज करी, आणि पाहुणा आपल्या सोवळ्यात आपले अन्न शिजवून घेई. पाहुणा उपाशी राहिला नाही आणि यजमानाचा धर्मही सांभाळला गेला. मात्र दोघे एकत्र जेवले नाहीत. व्रतस्थांचे पथ्य याहून सोपे असे. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करणाऱ्यांसाठी भाजीचे एक पातेले निराळे चढे, आणि एकादशी धरलेल्यास भगर व दाण्याची आमटी मिळे.

परंतु निराळ्या पातेल्यामागोमाग निराळी पंगत येई, आणि त्या पंगतीचा इतिहास सुखद नाही. कोणी माजघरात, कोणी ओसरीवर, कोणी अंगणात, आणि कोणी अंगणाबाहेर उष्ट्याच्या आशेने बसावे, ही उतरंड जातीने ठरविलेली होती. तिच्यात पाहुण्याच्या प्रकृतीची काळजी नसून त्याच्या स्पर्शाची भीती होती. विसाव्या शतकात सहभोजने घडवून आणणाऱ्या सुधारकांनी या उतरंडीवर प्रहार केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या वाटेवर आजही भोजनदान चालते, आणि तेथे कोणाला कोणाच्या शेजारी बसावयाचे हा प्रश्न उद्भवत नाही.

एक पंगत झाली, पण देह काही एकसारखे झाले नाहीत. विशिष्ट पदार्थावर शरीराची जी विपरीत प्रतिक्रिया होते तिला व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली ॲलर्जी हे नाव दिले. आपल्याकडे मात्र अमक्याला तमक्याचे वावडे आहे म्हणून पुष्कळदा हसण्यावारी नेण्याचीच चाल होती. उपासाला पवित्र मानलेला शेंगदाणा एखाद्याचा घसा सुजवून त्याचा श्वास कोंडू शकतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खचित नव्हे. २०२० च्या भारतीय अन्न-लेबल नियमांनी शेंगदाणा, सोयाबीन, दूध, गहू इत्यादींचा उल्लेख पाकिटावर बंधनकारक केला. पण पत्रावळीवर कसला उल्लेख असणार?

तेथे मित्रच कामास येतो. नागपूरकडे भाद्रपदात महालक्ष्म्यांचे जेवण म्हणजे पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या आणि पंचामृत असा थाट. प्रसाद नाकारणे अशोभनीय, आणि पंचामृतात दाण्याचा कूट ठरलेला. अशा घरी मला दाण्याचे वावडे असल्याचे जाणून मित्राच्या आईने चिंच, गूळ, मिरच्या, तीळ व खोबरे घालून उकळलेल्या पंचामृतातले वाटीभर कूट पडण्यापूर्वीच काढून झाकून ठेवले, पातळ भाजीतही दाणे घातले नाहीत, आणि वडे तळावयास तेल कोणते हेही मला आधी सांगितले. त्याच पंगतीत गव्हाचे पथ्य असलेल्या एका गृहस्थांसाठी ज्वारीची भाकर होती, आणि त्यांचे वरण हिंगावाचून फोडणीस टाकले होते, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. एवढी बारीक नजर वैद्यांनाही नेहमी असतेच असे नाही. मुख्य म्हणजे आम्हा दोघांची पाने इतरांच्याच ओळीत मांडलेली होती.

शिध्याने पाहुण्याचे पथ्य राखले पण त्याला दूर बसविले, सहभोजनाने त्याला जवळ बसविले पण सर्वांस एकच अन्न वाढले. ही दोन्ही पुण्ये एका पानात आणणाऱ्या माऊलीचे ऋण मानावे तेवढे थोडे आहे. तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, आमंत्रण करावयास जाल तेव्हा अक्षतांबरोबर "आपल्याला कशाचे वावडे तर नाही ना?" हा प्रश्नही न्यावा, आणि मिळालेले उत्तर आचाऱ्याच्या यादीत सर्वांत वर लिहावे.