बाहुल्या कुणी घडवल्या?

जामिनी रॉय बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोरचे. जन्म १८८७, जमीनदार घराण्यातला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकलेले पाश्चात्त्य तैलचित्रण त्यांनी पुढे टाकले आणि ते आपल्याच तांबड्या मुलखातल्या माती-लाकडाच्या खेळण्यांकडे, पटुआंच्या चित्रांकडे वळले. काळा रंग दिव्याच्या काजळीचा, खळ चिंचोक्यांची. (आमच्याकडे ती घोंगडीला लावतात, तिला कलासाहित्य कुणी म्हटले नाही.) हे वळण धाडसाचे होते, चित्रेही त्यांनी स्वस्तात विकली, हे मी नाकारत नाही. १९७२ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांवर सही आहे, कलेतिहासात त्यांच्यावर प्रकरणे आहेत. पण मी वर्गात विचारतो : ज्या बाहुलीचे डोळे त्यांनी उचलले, ती घडवणारा सुतार कोण, कुंभार कोण? त्याची सही कुठे? ग्रंथांत त्यांच्या वाट्याला एकच शब्द येतो, ‘लोककला’.